घासलेटवरचा बर्फ

चिंतामणी : फ्रिजच्या आत हात घाला, चंपाबाई. गार लागतंय?

चंपा : गार कुठलं? माझ्या घरातलं फडताळ परवडलं! कंपाउंडरदादा, नलूची बाटली नासंल हो.

चिंतामणी : इन्सुलिन माठाला टेकवून ठेवलंय, ओल्या फडक्यात. आजचा दिवस निभेल.

चंपा : आन् उद्या? बाहेर करफू. डाक्टर हास्पिटलात अडकल्यात. दुसरी बाटली आणणार कोण? सुई चुकली तर पोरगी हाताची जाईल माझी.

चिंतामणी : म्हणूनच एकेक बघू. टाकीत घासलेट?

चंपा : भरून हाय. सकाळी दवाखान्याची झाडलोट केली तवाच मी ओतलं.

चिंतामणी : वात मी कापली. ज्योत निळी, काजळी नाही. दारात कागद धरला तर ओढून निघत नाही, म्हणजे रबर घट्ट. मग अडलं कुठे?

चंपा : माझं डोस्कं तर आधीच अडतंय. खाली दिवा जळतो आन् वर बर्फ कसा हो व्हतो?

चिंतामणी : डॉक्टरांनी चित्र काढून सांगितलं होतं. आचेनं नळीतलं औषध उकळून वर चढतं, मग आपल्या वजनानं खाली उतरतं, आणि त्या फेऱ्यात आतली ऊब घेऊन जातं. समजलं मला. पण खरं अजून वाटत नाही.

चंपा : आपल्या वजनानं? पाण्यावानी?

चिंतामणी : अगदी तसंच.

चंपा : मग तुंबलं आसंल कुठंतरी. परवापातूर तर चांगलं व्हतं.

चिंतामणी : परवा मोर्चावर गोळीबार झाला. जखमींना निजवायला जागा नव्हती, म्हणून मी आणि शेजारच्या शामरावांनी हा फ्रिज ढकलला. इथे, मोरीकडे.

चंपा : थांबा. नंतर फरशी मीच धुतली. खराटा मारावाच लागला न्हाई. रगताचं पाणी आपसूक ह्या कोपऱ्यात आलं.

चिंतामणी : उतार! अरे देवा. आणि सपाट जागा सोडू नका म्हणून डॉक्टर बजावून गेले होते. ताटलीत पाणी आणा, वर ठेवू.

चंपा : ह्ये बघा, एकाच अंगाला जातंय.

चिंतामणी : ह्या पायाखाली काहीतरी सारायला हवं.

चंपा : नलूची पाटी फुटलीया, तिचे तुकडे हायत. उचला तुमी. आजून एक... हां. आता पाणी सारखं झालं.

(दिवेलागणीला, फ्रिजपुढे.)

चंपा : मागं हात भाजतोय, आन् आत... अगं बाई! दादा, बोट चिकटलं!

चिंतामणी : हिव धरलंय! सरका, मलाही बघू द्या.

चंपा : अंगावर काटा आला माझ्या. इस्तवानं राख झाल्याली लई बघितली. बर्फ करताना आज बघितला.

चिंतामणी : द्या ती बाटली. दार हळू लावा, आता सारखं उघडायचं नाही.

चंपा : न्हाई. दिवा तेवढा इझू द्यायचा न्हाई, व्हय ना?

चिंतामणी : तेवढंच. तुम्ही घरी जा, दमलात.

चंपा : बसते हितंच. नवरात्रात देवापुढचा राखते. ह्यो नलूचा.