बोलली की मुकी?

त्या दिवशी सकाळी मी ओटा पुसला, पिण्याचं पाणी भरून ठेवलं, दूध गॅसवर चढवलं आणि ओले कपडे दोरीवर टाकायला मागच्या दारी गेले. पलीकडच्या शेडमधून ठोकण्याचा आवाज येत होता. लाकडावर चेंडू आपटल्याचा. टक, टक, टक. माझ्या तोंडात कपड्यांचे चिमटे होते, ते काढले आणि ओरडले, "बोलली!"

माफ करा. असं एकदम मधूनच सुरू करायचं नसतं. भाषणाची रीत असते आणि ती मला येताना दोनदा समजावून सांगितली होती. तर, आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या क्रीडा मंडळाचेही अध्यक्ष असलेले साहेब. प्रमुख पाहुणे, आपल्या संघाचे कर्णधार. त्यांच्या शेजारी बसलेले खेळसाहित्याचे मोठे दुकानदारसाहेब. ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते आमचे भावजी, म्हणजे माझे धाकटे दीर. समोर बसलेले खेळाडू, त्यांचे आईवडील, आणि खुर्च्या कमी पडल्या म्हणून भिंतीला टेकून उभे असलेले सगळे, तुम्हा सर्वांना माझा नमस्कार.

भावजींबद्दल बोलायला मला उभं केलंय. पण आत येताना दारातच दुकानदारसाहेबांनी विचारलं, "मग ताई, काय ठरलं?" तुम्हालाही ठाऊक असलेलं बरं. आमच्या शेडमध्ये विलोच्या, म्हणजे बॅटच्या लाकडाच्या, फळ्यांची एक मोठी चळत वाळत पडली आहे. माझ्या यजमानांनी जाण्याआधी स्वतः निवडून आणलेली. दुकानदारसाहेबांना ती हवी आहे. चळत गेली की आमच्याकडे बॅट बनणं संपलं. फळ्या दाबायची प्रेस चालवणारे भावजी आता लेकीकडे राहायला जाणार, त्यामुळे साहेबांचं मागणं काही वावगं नाही. त्यांचा स्वभावही गोड आहे. मी त्यांना म्हटलं, बोलण्याच्या शेवटी सांगते. तेव्हापासून ते माझ्याकडे असं बघतायत, जसं पंचाच्या बोटाकडे बघतात.

मला एक प्रश्न आयुष्यभर विचारला गेला. नात्यातल्या लग्नात, दवाखान्याच्या रांगेत, कुठेही. "अहो, लाकडाचाच तुकडा ना तो? मग बॅट इतकी महाग कशी?" एकदा एक वडील मुलीला घेऊन आमच्याकडे आले. किंमत ऐकून म्हणाले, "एवढ्यात दोन चांगल्या खुर्च्या येतील!" आमचे हे मान वर न करता म्हणाले, "मग खुर्च्याच घ्या. बसून बघायला बऱ्या." त्या माणसाने बॅट घेतली, पण जाईपर्यंत माझ्याशीच बोलला. यांच्याशी नाही.

मी ते उत्तर जरा नीट देते. माझी शाळा अर्ध्यात सुटली. वाचायची गोडी लागली ती हँडलचा वेत ज्या जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळून यायचा, ती वाचून. पुढचं पान बहुधा नसायचंच, त्यामुळे अर्धवट राहिलेल्या गोष्टींची मला सवय आहे. माझं सांगणं थोडं तुटक वाटलं, तर ते त्यामुळे.

विलोचं झाड पाण्याकाठी वाढतं. बॅटच्या जोगं व्हायला त्याला पंधरा-वीस वर्षं तरी लागतात. ओंडका करवतीने कापत नाहीत, पाचर मारून रेषेच्या कलाने फोडतात. रेषेच्या आड गेलात तर ती बॅट पहिल्या जोरदार चेंडूला उभी चिरते. मग फळ्यांची टोकं मेणात बुडवायची, नाहीतर ओल टोकांकडून घाईने पळते आणि लाकूड तडकतं. मग वाळवायचं. महिनेच्या महिने. आणि चळत रचून सोडून द्यायची नसते. मधून मधून उतरवून, खालची फळी वर आणि वरची खाली करून, पुन्हा रचावी लागते. कंटाळवाणं काम. पाठ मोडते. हे काम यजमान दुसऱ्या कोणाला करू द्यायचे नाहीत.

एवढं करून बॅट होते का? छे! निम्म्या फळ्यांत गाठ निघते, डाग निघतो, रेषा वाकडी निघते. काहींत काहीच निघत नाही आणि तरी त्या चांगल्या नसतात. असल्या फळ्यांचं आम्ही काय करायचो? आंघोळीचं पाणी तापवायचो. एवढं महागाचं सरपण दुसऱ्या कुणाच्या घरी जळलं नसेल. सासूबाई म्हणायच्या, "मी राणीसारखी आंघोळ करते गं, पण साबण मात्र तोच!" तर तुम्ही एका बॅटचे पैसे देता, तेव्हा त्या जळून गेलेल्यांचेही देता.

आता भावजी. भावजींचं काम दाबण्याचं. विलो मऊ असतो. तसाच वापरला तर चेंडूने खड्डे पडतील. म्हणून लोखंडी रुळाखालून फळी काढतात, दाब वाढवत वाढवत. कमी दाबली तर फुटते. जास्त दाबली तर मरते. दिसायला छान, गुळगुळीत, टणक, आणि चेंडू लागला की ढप्प. तो दाब कुठे थांबवायचा, यात भावजींचं सगळं आयुष्य गेलं. प्रत्येक झाड वेगळं, प्रत्येक फळी वेगळी, त्यामुळे कालचा अंदाज आज चालत नाही. मी त्यांना एकदा विचारलं, "भावजी, कळतं कसं?" म्हणाले, "वहिनी, कळलं असतं तर एव्हाना मी सुट्टी घेतली नसती का?"

दाबलेली फळी यांच्याकडे यायची. हे तिच्यावर चेंडू आपटून आवाज ऐकायचे. म्हणजे लग्नाच्या सुरुवातीला ऐकायचे. पुढे रंध्याच्या मशिनीने यांचे कान गेले. माणसांचं बोलणं ओरडून सांगितलं तर समजायचं, पण लाकडाचं समजेना. मग यांनी एक युक्ती काढली. शेड आणि स्वयंपाकघर यांच्यात एकच भिंत. हे तिकडून ठोकायचे आणि मी इकडून ओरडायचे. चांगली असली तर "बोलली". नसली तर "मुकी". माझं ओरडणं पोचलं की हे भिंतीवर एकदा ठोका मारायचे. म्हणजे ऐकलं.

भांडणाच्या दिवशीही हे चालायचं, बरं का. दोन दोन दिवस आमचं बोलणं बंद असायचं आणि भिंतीतून टक टक, "मुकी!", टक टक, "मुकी!" भावजी शेडमधून ओरडायचे, "वहिनी, फळीचं सांगताय की दादाचं?"

तर त्या सकाळी मी "बोलली" म्हणाले आणि भिंतीवर ठोका पडला नाही. मी पुन्हा ओरडले. तेवढ्यात दूध वर आलं. मी आत पळाले, गॅस बंद केला, सांडलेलं पुसलं आणि मग शेडमध्ये गेले. हे आपल्या स्टुलावर भिंतीला टेकून बसले होते. चेंडू हातातच होता.

यावर मी इथे जास्त बोलणार नाही. तुमच्यातले बरेच जण तेव्हा येऊन गेलात.

ती फळी राहिली. तशीच, भिंतीला टेकवलेली. ती होती आपल्या कर्णधारांसाठी. त्यांनी मापं दिली होती, वजन सांगितलं होतं. पण हे गेल्यावर त्यांनी एकदाही विचारलं नाही. उलट म्हणाले, "काकू, ती राहू द्या. काकांची आठवण." अध्यक्षसाहेबांचा विचार त्याहून मोठा. ही फळी या सभागृहात काचेच्या पेटीत ठेवायची, खाली पाटी, वर दिवा. मंडळाने पेटीची जागासुद्धा मोजून, रंगवून ठेवली. ती बघा, त्या खिडकीशेजारी भिंतीला रंग वेगळा दिसतोय ना, तीच. आदरापोटीच केलं सगळं, मला ठाऊक आहे. पण आठवणीसाठी माझ्याकडे दुसरं पुष्कळ आहे, साहेब. यांचा चष्मा आहे. यांचं ते स्टूल आहे, त्यावर अजून कोणी बसत नाही, आणि परवापरवापर्यंत ते कोणी हलवलंही नव्हतं.

भावजी तेव्हाच जायचे होते. त्यांचा खांदा कधीचा गेलाय. पण अंगावर घेतलेली कामं होती. ते रोज सकाळी यायचे, एकेक बॅट पुरी करायचे, मी तिला तेल लावायचे, बांधून द्यायचे. यांच्या स्टुलाला वळसा घालून आम्ही दोघं कामं करत होतो. मागच्या महिन्यात शेवटची बॅट गेली. भावजींनी हात धुतले, भिंतीकडे पाहिलं आणि म्हणाले, "वहिनी, ती एक राहिली."

मी म्हटलं, "ती पेटीत ठेवायचीय म्हणतात."

"काचेत ठेवायला दाबली होती का मी?"

बस, एवढंच. मग त्यांनी फळीच्या वरच्या अंगाला खाच घेतली. हँडलचं टोक त्या खाचेत असं बसावं लागतं की मध्ये कागदही जाऊ नये. सगळा धक्का तिथेच येतो. मग दुहाती पात्याने तासायला लागले. हे काम यांचं, भावजींचं नव्हे. पाठीचं लाकूड किती ठेवायचं, कडा किती, वजन कुठे सरकवायचं, म्हणजे हातात घेतल्यावर ती आहे त्याहून हलकी वाटते. थोडं तासायचे, खांदा धरून बसायचे, पुन्हा तासायचे. मी स्वयंपाकघरात होते. शेडमध्ये बसून बघवेना म्हणून, खोटं कशाला सांगू.

आणि भिंतीपलीकडून आवाज आला. टक, टक, टक.

भावजींचे कान शाबूत आहेत. त्यांना मला विचारायची गरज नव्हती. तरी त्यांनी ठोकलं आणि माझ्या तोंडून सवयीने गेलं, "बोलली!" मग आम्ही दोघंही थांबलो. ते तिकडे, मी इकडे. ठोक्याची वाट बघत.

बऱ्याच वेळाने भावजी स्वयंपाकघराच्या दारात आले. म्हणाले, "वहिनी, ऐकू आलं मला." आणि परत गेले.

तर ती बॅट झाली. कर्णधार न्यायला तयार नव्हते. मी म्हटलं, "ही तुम्ही मागवली होती. बॅट खेळायला असते. तिला चेंडूंचे डाग पडू देत, कडा उडू देत, एक दिवस चिरली तर चिरू दे. एवढं सगळं करून ती जेमतेम एखाद-दोन हंगाम टिकते, म्हणून तर महाग आहे." त्यांनी ती नेली, आणि गेल्या रविवारी तुम्ही सगळ्यांनी मैदानावर पाहिलंच.

हसू नका. शून्यावर बाद होतो माणूस.

संध्याकाळी आमच्या दारात उभे. तोंड इतकंसं. "काकू, काकांच्या बॅटवर मी भोपळा काढला." भावजी चहा पीत बसले होते, त्यांना ठसका लागला. मी बॅट हातात घेतली. कडेला एकच लाल डाग. तिच्यावर चेंडू आपटून पाहिला आणि म्हटलं, "हिचं काही बिघडलेलं नाही. ही बोलतेय. तुम्ही ऐकलं नाही." तेव्हा कुठे ते हसले. नंतर चहा प्यायले आणि तो चेंडू कसा आत आला, हे कपबश्या मांडून आम्हाला तीनदा समजावून सांगितलं.

ते गेल्यावर मी भावजींना म्हटलं, "मला दमायला झालंय. दुकानदारसाहेब म्हणतात, चळतीला आता कशाला हात लावता, ट्रक येईल तेव्हा तशीच उचलू. देऊन टाकू या का?" हे गेल्यापासून त्या चळतीला खरंच कोणी हात लावला नव्हता.

भावजी म्हणाले, "द्या की. लाकूड तुमचं आहे." कप धुऊन ठेवला. मग म्हणाले, "प्रेसला खांदा लागत नाही, वहिनी. रूळ मोटारीवर फिरतो. कुठे थांबायचं ते ऐकू यावं लागतं, आणि ते तुम्हाला येतं. तासायला माणूस मिळेल. शिकेल."

"आणि दमल्याचं काय?"

"दादा गेला तेव्हा मीही दमलो होतो. मग दमूनच केलं."

हे आमचे भावजी. यांच्याबद्दल चांगलं बोला असं मला सांगितलं होतं. याहून चांगलं मला सुचत नाही. भावजी, लेकीकडे खांदा शेकत जा, आणि नातीला झोप येत नसली तर खिडकीवर चेंडू ठोकत बसू नका.

मंडळाने भावजींची आठवण ठेवली, मला बोलू दिलं, त्याबद्दल सगळ्यांचे आभार. पेटीची जागा रिकामी ठेवल्याबद्दल अध्यक्षसाहेबांनी राग धरू नये, तिथे एक घड्याळ लावलं तरी चालेल. बोलताना कोणाला काही लागलं असेल, कोणाचा मान राहून गेला असेल, तर म्हातारीला व्यासपीठाची सवय नाही असं समजून सोडून द्या.

दुकानदारसाहेब, तुमचं उत्तर राहिलं. ते असं. भावजींशी हे बोलणं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओटा पुसला, पाणी भरलं, दूध तापवून झाकून ठेवलं आणि शेडमध्ये गेले. स्टूल जरा बाजूला सरकवलं. मग ती चळत वरपासून खालपर्यंत उतरवली आणि खालच्या फळ्या वर घेऊन पुन्हा रचली.