साफ करताना

सेविका : टाकी झाकलेली, कुंड्यांखाली पाणी नाही, अळ्या नाहीत. झालं हे पान. आता मागचं पान, आजी. घरात बंदूक आहे का?

सिस्टर : काय आहे का?

सेविका : बंदूक. परवान्याची, बिनपरवान्याची, कुठलीही. पिस्तूलसुद्धा धरायचं.

सिस्टर : डासांच्या फॉर्मवर बंदूक?

सेविका : या खेपेपासून सुरू झालंय. बाहेरच्या कितीतरी देशांत करतात म्हणे. साथ मोजतात तसंच मोजायचं. कुठल्या घरात, कुठल्या वयाचं माणूस, कशानं. तुमच्या शेजारच्या काकूंनी तर मला दारातूनच वाटेला लावलं. म्हणाल्या, डास मारायला आता बंदुका लागतात का तुम्हाला?

सिस्टर : तिची जीभ जन्माची तशीच आहे, मनावर घेऊ नकोस. बस जरा. पाय बघ किती सुजलेत. कितवं घर हे?

सेविका : एकोणिसावं. अजून अकरा आहेत.

सिस्टर : मीही अशीच हिंडलेय, खांद्याला लशीची पेटी अडकवून. देवीची लस टोचायला गेलं की लोक पोरांना माळ्यावर लपवायचे. आणि आमच्या इस्पितळात घटसर्पाचा वॉर्ड होता, वीस खाटांचा. पोरं एकेका श्वासासाठी झगडायची आणि आम्ही नुसत्या उशाशी उभ्या. पुढं लस घरोघर पोचली आणि तो वॉर्ड ओस पडला. मी स्वतः खाटा पुसून भिंतीला लावल्या. वाटलं, जिंकलो आपण. आता तिथं कोण असतं, ठाऊक आहे?

सेविका : गोळी लागलेले. मी गेलेय त्या वॉर्डात. म्हणून तर हे पान, आजी. आहे का मग घरात?

सिस्टर : आहे. आतल्या कपाटात. ह्यांची.

गार्ड : कोण आलंय गं? कोणाला सांगतेयस बंदुकीचं?

सिस्टर : आरोग्यखात्याची मुलगी आहे. बाहेर या, तुमच्या लाडकीची चौकशी चाललीय.

गार्ड : आरोग्यखात्याला काय करायचंय? ताप आलाय का बंदुकीला?

सेविका : नमस्कार, आजोबा. परवाना आहे ना?

गार्ड : आहे तर. तीस वर्षं बँकेच्या दारात उभा राहिलो मी. ज्याची स्वतःची बंदूक, त्यालाच गार्डाची नोकरी मिळायची तेव्हा. तीस वर्षांत एक गोळी झाडायची वेळ आली नाही. लिही हे.

सेविका : त्याला रकाना नाही, आजोबा.

गार्ड : चांगल्याला कुठं रकाना असतो.

सेविका : कुलपात असते का? किल्ली कोणाकडे?

गार्ड : माझ्या उशाखाली. कोणाला ठाऊक नाही.

सिस्टर : मग अभ्रे कोण बदलतं?

गार्ड : तुला सोडून म्हणतोय मी.

सिस्टर : पूर्वी कॅलेंडरच्या मागं खिळ्याला असायची. तेव्हाही कोणाला ठाऊक नव्हतं. ऐक पोरी. वॉर्डात मॉर्फिनच्या कपाटाला दोन कुलपं असायची. एक किल्ली माझ्या कमरेला, दुसरी डॉक्टरांकडे. दोघं समोर उभे राहिल्याशिवाय कपाट उघडायचं नाही. चौतीस वर्षांत एक कुपी इकडची तिकडे झाली नाही माझ्या हातून. आणि घरी खिळा.

गार्ड : आता ते पुराण तिच्यापुढं कशाला?

सेविका : दोनच प्रश्न राहिलेत. घरात अठरा वर्षांखालचं कोणी राहतं का?

गार्ड : नाही. आम्ही दोघं, आणि आमचा खोकला.

सिस्टर : शनिवारपासून नात राहायला येतेय, आमची चिमणी. थोरलीची मुलगी. सतराही पुरी नाहीत.

गार्ड : महिनाभर तर यायचीय.

सिस्टर : का यायचीय तेही सांगा. पेपर अवघड गेल्यापासून घरात बोलत नाही. ताटावर बसते आणि उठते. थोरली म्हणाली, आई, तुझ्यापाशी बोलते ती, राहू दे थोडे दिवस. आणि परवा काय केलंन, तर आपली सगळी पुस्तकं मैत्रिणींना वाटून टाकली. थोरली हसून सांगत होती, बघ, किती शहाणी झालीय.

सेविका : वाटून टाकली?

सिस्टर : तुझ्या कानाला खटकलं ना? माझ्याही. पुढचा प्रश्न विचार.

सेविका : या घरातलं कोणी बंदुकीनं दगावलंय का? कधीही. असेल तर चौकोन आहेत इथं. पहिला अपघात, दुसरा आत्महत्या, तिसरा हल्ला.

गार्ड : मुलगा गेला आमचा. धाकटा. एकोणीस वर्षांचा होता. बावीस वर्षं झाली त्याला. बंदूक साफ करताना सुटली. पहिल्या चौकोनात खूण कर आणि दुसऱ्या घरी जा, बाई.

सेविका : अपघात. केली.

सिस्टर : खोड ते.

गार्ड : अगं.

सिस्टर : खोड म्हणते ना.

गार्ड : पोरी, तिच्याकडे लक्ष देऊ नकोस. वय झालंय तिचं.

सिस्टर : वय झालंय, विसर पडलेला नाही. त्याला आणलं तेव्हा ड्युटीवर मीच होते. डॉक्टर अगदी नवा, त्याला सलाइन लावायला मीच शिकवलेलं. हातात पेन धरून म्हणाला, सिस्टर, काय लिहू? मी म्हटलं, लिहा, साफ करताना सुटली. त्यानं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि लिहिलं. घरी येऊन पाहिलं तर कुठं चिंधी नाही, तेलाची बाटली नाही. अंथरुणाची घडी घातलेली. घड्याळ मित्राला देऊन आला होता आदल्या दिवशी. आठ दिवस एकेक वस्तू वाटत होता, मला दिसत होतं. मी म्हणत होते, पोरगा मोठा झाला, देतोघेतो.

सेविका : मग तसं का लिहायला लावलंत, आजी?

सिस्टर : थोरलीचं लग्न ठरलं होतं. आणि ह्यांच्यासाठी. ह्यांना वाटावं, पोराचा हात चुकला. बापाच्याच बंदुकीनं मुद्दाम केलं त्यानं, हे ह्यांना कळू नये. माणूस उभ्यानं मोडला असता.

गार्ड : बसून मोडला. तुला दिसलं नाही.

सिस्टर : म्हणजे?

गार्ड : रविवारी मीच साफ केली होती ती. तो गेला मंगळवारी. दोन दिवसांत दुसऱ्यांदा कोण साफ करतं बंदूक?

सिस्टर : पण तुम्ही तर ठाण्यात सांगितलंत, मीच त्याला साफ करायला सांगितलं होतं.

गार्ड : तू कागदावर घालून बसलीस, साफ करताना. मग कोणीतरी सांगितलेलं असायला नको? हवालदार विचारत होता, पोराला बंदुकीला हात कोणी लावू दिला. मी म्हटलं, मी.

सिस्टर : बावीस वर्षं मी तुम्हाला दोष दिला, की तुम्हीच ती त्याच्या हातात दिलीत. तोंडानं नाही दिला.

गार्ड : तोंडानं दिला असतास तर बरं झालं असतं. ताट ठेवायचीस त्या आवाजावरून कळायचं मला.

सिस्टर : आणि ती परत का आणलीत मग? अकरा महिने ठाण्यात पडून होती, तिथंच कुजली असती. तुम्ही सही करून, फडक्यात गुंडाळून घरी आणलीत. मी दारात उभी होते. वाटलं, ह्या माणसाला काळीज नाही.

गार्ड : सोडून आलो असतो तर त्यांनी विचारलं असतं, का नको. अपघातच झाला, मग बापाला स्वतःची बंदूक नकोशी का व्हावी? तुझा शब्द खोटा पडला असता. म्हणून आणली. म्हणून तेलपाणी करत राहिलो.

सिस्टर : काय वाचवलं हो आपण एवढं करून?

गार्ड : बंदूक.

सेविका : आजी, मी उठते. हे पान कोरं ठेवते हवं तर.

सिस्टर : कोरं ठेवायला आली होतीस का? बस. इतकी वर्षं कोरंच होतं ते.

सेविका : आम्हाला जुने कागद चाळायला लावले प्रशिक्षणात. त्यातली कितीतरी माणसं बंदूक साफ करतानाच गेलेली. आमचे डॉक्टर म्हणाले, ह्या कागदांवर विश्वास ठेवायचा तर घराघरांतल्या बंदुका आरशासारख्या लखलखायला हव्यात.

गार्ड : हसले का लोक?

सेविका : हसले. डॉक्टरांनी आणखीही एक सांगितलं. घरात बंदूक असली की चोर क्वचितच मरतो, मरतं ते बहुतेक घरचंच माणूस. आणि ज्याच्या मनात तसलं काही येतं, त्याची ती घटका टळली, की बहुतेक जण पुढं जगतात. लग्नं करतात, केस पिकेपर्यंत जगतात. बंदूक ती घटका टळू देत नाही.

गार्ड : बावीस वर्षांपूर्वी हे सांगायला का आलं नाही कोणी?

सेविका : तेव्हा मोजलं नव्हतं, आजोबा. मोजणार तरी कशावरून?

सिस्टर : माझ्या कागदावरून. तिला काय विचारता? मी लिहायला लावलेल्या कागदावरून.

गार्ड : तू एकटीनं नाही.

सिस्टर : शनिवारी पोरगी येतेय, आणि मी कालपर्यंत कसला विचार करत होते? तिला कुठल्या खोलीत झोपवू. कपाटाची खोली हवेशीर आहे, म्हणून तिथंच गादी घातलीय.

सेविका : ठाण्यात कायमची जमा करता येते. परवान्यासकट, तुमच्या अर्जावर. मी सोबत येऊ का, आजोबा? अकरा घरं उद्या करीन.

गार्ड : नको. मीच नेऊन देतो. आणली होती तशी.

सिस्टर : काय सांगाल तिथं? का नको म्हणून विचारतील.

गार्ड : विचारू दे.

(आतून कपाट उघडल्याचा आवाज. मग पावलं.)

सिस्टर : फडकं नाही गुंडाळलंत?

गार्ड : बघू दे गल्लीला. फोन कुठाय माझा?

सिस्टर : आधी ठाणं गाठा, ते बंद नको व्हायला.

गार्ड : ते रात्रंदिवस उघडं असतं. आधी थोरली. तिला वाटतं, भावाचा हात चुकला. म्हणून तर पुस्तकं वाटली तर हसते ती.

सिस्टर : मी सांगते. मी आई आहे.

गार्ड : मागच्या वेळी तू एकटीनं सांगितलंस. या वेळी मला बोलू दे. पोरी, तू पण थांब जरा, तुझ्या डॉक्टरांचा नंबर लागेल.

सेविका : थांबते.

गार्ड : हॅलो. हो, मी, बाबा. नाही गं, तब्येत बरी आहे दोघांची. चिमणी कुठाय? समोर आहे? तिला राहू दे समोरच, नजरेआड करू नकोस आज. आणि तू अशी उभ्या उभ्या बोलू नकोस. खुर्ची घे. बसलीस? नीट बस.