चार सेंटीमीटर

साहेब : हात लावू नका! अहो मॉडेलवाले, ते काचेचं झाकण आधी होतं तसं ठेवा.

मॉडेलवाला : साहेब, दहा मिनिटांचं काम आहे. स्टेशन उचलतो, चार सेंटीमीटर डावीकडे चिकटवतो. कुणाच्या बापाला कळणार नाही.

साहेब : कर्ज देणाऱ्या बँकेला कळेल. त्यांची पाच माणसं येऊन या टेबलाभोवती अकरा मिनिटं फिरली, फोटो काढले, टाळ्या वाजवल्या. करारात काय लिहिलंय माहितीय? ‘मेट्रो स्टेशन आणि परिसर, सोबतच्या मॉडेलप्रमाणे मंजूर.’

मॉडेलवाला : पण मॉडेलच चुकलंय ना! तुमच्या नकाशात स्टेशन बंद गोदामाच्या मोकळ्या जागेत होतं. मी ते सरकवलं.

साहेब : सरकवलं? ते कशाला?

मॉडेलवाला : तुमच्या लिफ्टपायी. अख्खं मॉडेल लिफ्टमध्ये मावेना, म्हणून दोन तुकड्यांत केलं. आता जोड नेमका स्टेशनच्या पोटातून जायला लागला. म्हटलं, पाहुणे येणार, एवढी मोठी फट बरी दिसत नाही.

साहेब : चांगलं केलंत की. फट दिसली असती तर माझी काही धडगत नव्हती.

मॉडेलवाला : अहो, इथले चार सेंटीमीटर म्हणजे जमिनीवरचे चाळीस मीटर! तिथं तीन मजली इमारत आहे. बारा घरं.

साहेब : मॉडेलवर तर कुठं दिसत नाही.

मॉडेलवाला : मीच काढली. चिमट्यानं. स्टेशनला जागा नको का? ही बघा, खिशात आहे.

साहेब : म्हणजे पुनर्वसनही झालं.

मॉडेलवाला : थट्टा नको साहेब. आज सकाळी त्या बाराही घरांना नोटिसा गेल्यात. तळमजल्यावर माझी आत्या राहते. नकाशा बरोबर असताना नोटीस गेलीच कशी?

साहेब : नकाशा बरोबर होता. मॉडेलशी जुळेना, म्हणून दुरुस्त केला.

मॉडेलवाला : बरोबर होता तो दुरुस्त केलात?

साहेब : मग काय बँकेला सांगू, मॉडेल चुकलं म्हणून? ते म्हणतील, आणखी काय काय चुकलंय ते दाखवा. आणि दाखवायचं म्हटलं तर, तुम्हाला म्हणून सांगतो, बरंच आहे. अहो, ही सगळी उतरंड आहे. स्टेशनभोवती पाचशे मीटरचं वर्तुळ, वर्तुळात उंच इमारतींना परवानगी, परवानगीपोटी बिल्डर पैसे भरणार, त्यातून कर्ज फिटणार. खालचं मडकं हलवलं की संपलं.

(दार ढकलून आत्या आत येते. हातात नोटीस.)

आत्या : शिपाई म्हणाला मॉडेलवाला आत आहे, तेव्हाच ओळखलं. चिकट्या, माझ्यासाठी भांडायला आलास होय रे?

मॉडेलवाला : आत्या, तू बाहेर बस. मी येतो.

आत्या : का बाहेर बसू? घर माझं आहे. साहेब, मी त्याची आत्या. आई गेली तेव्हा हा पाच वर्षांचा होता. माझ्याच घरात वाढला. तेव्हापासून हाताला कायम डिंक, म्हणून चिकट्या. आता हे वाचून दाखवा मला. काय म्हणतंय?

साहेब : अभिनंदन म्हणतंय, मावशी. शहरातली माणसं स्टेशनपासून पाचशे मीटरच्या आत घर मिळावं म्हणून जीव टाकतात. तुम्ही शून्य मीटरवर आहात!

आत्या : शून्य मीटरवर म्हणजे मी झोपायचं कुठं? तिकीट खिडकीत?

साहेब : पर्यायी घर मिळेल ना. उत्तम, हवेशीर. वर्तुळाच्या थोडं बाहेर.

आत्या : थोडं म्हणजे किती?

साहेब : तिथून स्टेशनला यायला बस सुरू करायचा विचार आहे.

आत्या : आणि माझं शिलाईचं दुकान? माझी गिऱ्हाइकं काय बसनं येणार आहेत बाह्या आखूड करायला? शेजारी एवढं रिकामं गोदाम पडलंय, उंदीरसुद्धा राहत नाही तिथं. तिकडं न्या ना तुमचं स्टेशन.

साहेब : माणसं हलवायची तरतूद आहे मावशी. मॉडेल हलवायची नाही.

आत्या : ऐकलंस चिकट्या? अरे बोल की!

मॉडेलवाला : आत्या, चूक माझी आहे.

आत्या : तुझी कशी असेल? तू काय नोटिसा काढतोस?

मॉडेलवाला : स्टेशन मी सरकवलं. तुझी इमारत मध्ये येत होती, ती मी काढून टाकली.

आत्या : माहीत नसेल तुला कुठली ते. इवलीशी तर असतात.

मॉडेलवाला : माहीत होतं. मागचा जिना मी स्वतः कोरला होता. काढताना म्हटलं, पुठ्ठ्याची तर आहे. मला लाज वाटते आत्या, तुझ्याकडं बघवत नाही. साहेब, कागद द्या. चूक माझी, असं लिहून देतो.

साहेब : वेडे आहात का? लिहून दिलंत तर ती चूक होईल. आत्ता तो निर्णय आहे.

मॉडेलवाला : मग मी बँकेला पत्र लिहितो.

साहेब : खुशाल लिहा. ते पत्र शेरा मारायला माझ्याकडेच येईल.

आत्या : पुरे रे. साहेब, मुदत किती आहे?

साहेब : नव्वद दिवस. नियमाप्रमाणे साठच, पण आम्ही माणुसकी धरून तीस वाढवलेत.

आत्या : उपकार झाले. चिकट्या, सकाळपासून काही खाल्लंयस का?

मॉडेलवाला : आत्या, तू शिव्या तरी दे मला.

आत्या : देईन. नव्वद दिवस आहेत. आता घरी चल, आहे तोवर जेवून जा.