शकुनबाईंनी समुद्र लिहिला नाही

मंडळी, बचत गटाच्या बायांनो, शाळेतल्या सरांनो, देवाजीभाऊ, पायल,

आज उघडीप आहे, धानाची रोवणी अर्धी राहिली आहे, तरी शकुनबाईंच्या शोकसभेला तुम्ही सगळे आलात. मी नितेश. मूल गावात फ्लेक्सच्या दुकानात टायपिंग करतो. जे बोलायचं ते लिहून आणलं आहे आणि तेच वाचणार आहे. न वाचता बोललो तर माझा आवाज बसतो, आणि आज तो बसून चालणार नाही.

माझ्याआधी जे बोलले त्यांनी शकुनबाईंना जिद्दी म्हटलं. शिक्षणप्रेमी म्हटलं. हा मागचा फ्लेक्स मीच केला. त्यावर ‘शिक्षणप्रेमी’ घाल, असं मला सांगितलं होतं. मी घातलं. दोनदा तपासलं. शब्द बरोबर आहे. पण बाई जिवंत असताना तो मी कोणाच्या तोंडून ऐकला नाही.

ऐकलं ते दुसरंच. त्या तळ्याच्या पाळीवर पुस्तक घेऊन बसल्या की त्यांचे सासरे जाळं झटकत विचारायचे, "इंग्रजी शिकून कोणासंग बोलशीन वो? मासोळ्यासंग?"

बाई म्हणायच्या, "हो मामाजी. तुमचं त आयकत नाई त्या. सायबाचं तरी आयकतीन."

सासरेच सगळ्यांत मोठ्याने हसायचे. त्यांचं मला काही वाटलं नाही. जे तोंडावर हसले, त्यांचं मला आजही काही वाटत नाही.

आम्ही दोघंही दहावीला इंग्रजीतच अडकलो होतो. त्या लग्नाआधी, मी त्यांच्या कितीतरी नंतर. आशा सेविकेची जागा निघणार होती, तिला दहावी पास लागते. बाई दुकानात आल्या. "नितेश, तू इंग्रजी पाट्या बनवतं ना? मंग येत असन तुले."

मी म्हटलं, "बाई, मले स्पेलिंग येते. इंग्रजी येत नाई."

"मले मतलब समजते, स्पेलिंग दगा देते. मंग दोघं मिळून एक पोरगा पास होते का नाई?"

असे आम्ही अभ्यासाला बसलो. गाइडमध्ये प्रत्येक कवितेचा अर्थ छापलेला असतो. बाई ते पान दुमडून ठेवायच्या. "आधी आपून सांगू, मंग त्याचं पाहू." आणि पत्रलेखन! गाइडमधलं पत्र म्हणजे मामाच्या गाडीतून समुद्रावर जाणं, हॉटेलात आइस्क्रीम खाणं आणि मित्राला ते कळवणं. बाईंनी ते पाठ केलं नाही. म्हणाल्या, "माह्या मामाजवळ सायकल होती. तिची चैन रोज पडे. मी काऊन खोटं लिहू?"

मग इंग्रजीचा पेपर आला. मंडळी, त्या दिवशी वर्गात काय झालं ते मी तुम्हाला सांगायची गरज आहे का? तुमची मुलं तिथे होती. तुमच्यापैकी काही जण मागच्या खिडकीशी होतात. पेपरला खिडकीशी उभं राहणं आपल्याकडे मामा-काकांचं कर्तव्य समजतात. जो जात नाही, त्याला लग्नातसुद्धा टोमणे बसतात.

पत्राचा प्रश्न आला. पाहिलेल्या एका जागेबद्दल मित्राला लिहा. सरांनी दार लोटलं आणि गाइडमधलं पत्र सांगायला सुरुवात केली.

शकुनबाई उभ्या राहिल्या. "सर, जरा थांबता का? मले लिवता येऊन नाई राह्यलं."

सरांना वाटलं, बाईंचा हात मागे पडतो आहे. ते म्हणाले, "बरं बाई, तुमच्यासाठी हळू सांगतो." आणि तेच पत्र त्यांनी पुन्हा पहिल्यापासून, एकेक शब्द सुटा करून सांगितलं.

बाई म्हणाल्या, "माहं माहं लिवतो म्हणतो ना जी मी!"

अख्खा वर्ग हसला. अख्ख्या वर्गाने ऐकलं. बाईंनी कानांवर पदर घट्ट ओढला आणि खाली मान घालून तळ्यावर लिहिलं. पहाटेचं पाणी पायांना कसं लागतं, जाळं जड झालं की कसं कळतं. मी मागच्याच बाकावर होतो. मीही माझंच लिहिलं, मोडकंतोडकं.

बाकी सगळा वर्ग एकाच मामाच्या गाडीतून एकाच समुद्रावर गेला. सगळ्यांनी एकच आइस्क्रीम खाल्लं. ज्या गावात समुद्र कोणी पाहिला नाही, त्या गावाची सगळी मुलं एकाच दिवशी समुद्रावर! तपासणाऱ्याला दिसणार नाही का? सगळ्या वर्गाचा निकाल राखून ठेवला गेला. त्यात बाईंचाही.

मग शाळेत सगळ्यांना बोलावून सांगितलं, एकत्र माफी लिहून द्या, म्हणजे एवढाच पेपर रद्द होईल आणि पुन्हा बसता येईल. मात्र वर्गातल्या प्रत्येकाची सही पाहिजे, नाहीतर बोर्डापुढे सुनावणी होईल. बाई म्हणाल्या, "मी चोरी केली नाई त माफी कायची मागू?" मीही सही केली नाही.

त्यानंतर त्यांच्या अंगणात कोण कोण आलं, ते त्यांच्या नवऱ्याला, देवाजीभाऊंना, माहीत आहे. "तुह्या एकटीपाई आमच्या पोराईचं वर्ष जाते." "म्हातारपणी कायले पाहिजे तुले दहावी?" बचत गटात त्यांच्या शेजारची जागा रिकामी राहू लागली. शाळेतल्या पोरी पायलला ‘कॉपीवाली की बेटी’ म्हणू लागल्या. ज्यांनी स्वतः समुद्र लिहिला, त्यांच्याच घरच्या पोरी.

मागच्या आठवड्यात धानाच्या बांधीत रोवणी करताना बाईंवर वीज पडली. त्यात कोणाचा दोष नाही. तसं मी म्हणणारही नाही.

पण काल हा मंडप घालताना एक गृहस्थ माझ्याजवळ आले. ते आत्ता इथे बसले आहेत. मला म्हणाले, "नितेश, बाईची सही त आता लागत नाई. तूच राह्यला. करून टाक." आणि वर मलाच बांबू नीट धरायला सांगितलं.

मी सही करणार नाही. ती केली तर बाईंनी चोरी केली, हेच कायमचं ठरेल, आणि त्यांना तर आता बोलताही येणार नाही. सुनावणीत मी खरं सांगेन. पण माझा निकालही राखलेला आहे. माझ्या एकट्याच्या शब्दाला तिथे कोण विचारतं?

पुढे बसलेल्या सरांनो, त्या दिवशी खिडकीशी उभ्या राहिलेल्या मामांनो, वर्गात असलेल्या मुलांनो, तुम्ही सगळ्यांनी ऐकलं होतं. पायल इथे बसली आहे. पुढच्या वर्षी तिला याच वर्गात पेपरला बसायचं आहे. तिच्यासमोर एकाने तरी उभं राहून सांगा, तिच्या आईने स्वतः लिहिलं. फार मोठं भाषण नको.

आता मौन पाळायचं आहे, अशी खूण मला केली जात आहे. पाळू. शकुनबाईंना माझा नमस्कार. माझा कागद संपला, पण मी माइक सोडून खाली बसणार नाही. आधी कोणीतरी बोला. मग आपण सगळे उभे राहून गप्प राहू.