चाळणीत धरलेलं हैदराबाद

...फोन लाव म्हनत्यात! ज्याला बघावं त्याचं एकच, फोन लाव! आवो, फोन हाय की माझ्यापाशी, बटनाचा, पर तुमाला सांगतो, फोनवर गप बसता येत न्हाई! मी जरा गप झालो की तिकडून चंद्रभान बोंबलायचा, "हॅलो! लिंबाजी! हाईस का गेलास?"

आमी दोघं राणीसावरगावचे, भिंतीला भिंत लागून घरं, चाळीस वर्षं रोज दिवेलागणीला माझ्या ओट्यावर मधी रेडिओ ठिवायचा आन् दोन्हीकडून दोघांनी ऐकायचं. बोलनं न्हाई. एक बिडी, अर्धी त्याची, अर्धी माझी. बायको म्हनायची, "दोन धोंडे बसवल्यात जनू ओट्यावर!" ती गेली. मंग चंद्रभानला पोरानं हैदराबादला नेलं. ऱ्हायला एक धोंडा. रेडिओ त्योच, बातम्या त्याच, पर तुमीच सांगा, रेडिओ काय एकट्यानं ऐकायची चीज हाय का?

जाताना त्यो म्हनला, "लिंबाजी, मी तिकडचं टेशन रोज सांजच्याला लावीन." मी म्हनलं, मंग मीबी त्येच लावतो! त्यो तिकडं, मी हिकडं, ऐकायचं एकच. पर माझ्या डब्ब्याला हैदराबाद लागंल तर शपथ! नुसतं खर्रर्र... कढईत वाळू भाजायलेत जनू.

तीन वर्षं तेच ऐकलं, मंग गेलो गंगाखेडला, सिद्धोधनकडं, पान्याच्या जळक्या मोटारींत नवी तार भरून देतो त्यो. म्हनला, "काका, एरियल बनवा. लाकडाच्या घेराला तांब्याच्या तारेचे वेढे मारा, हा जुन्या रेडिओतला कंडेन्सर जोडा, शेजारी रेडिओ ठिवा. बास!" घरी जाळी फाटलेली चाळण होती, लाकडी कड्याची. घेर झाला. पर सिद्धोधननं दिलेली तार? काळपट, मळकट! आता तांब्याचं म्हनल्यावर चिंच लावून घासायचं, हे आईनं शिकवलेलं. चिंचेनं निघंना, राख लावली, राखेनं निघंना, पॉलिश पेपर आनला, आन् दोन दिस हातभर हातभर घासून अशी लखलखीत केली, अशी, की सोनारानं थांबून बघावं! गुंडाळली, जोडली, लावला रेडिओ... खर्रर्र!

चाळण घेऊन पुन्हा गंगाखेडला गेलो, तर सिद्धोधन बघून खालीच बसला. "काका! वार्निश होतं त्येच्यावर, वेढ्याला वेढा लागू नये म्हनून! कापडं काढली की तुमी तारेची! वेढ्याला वेढा चिकटला, आता काम कसं करंल?" मी म्हनलं, बाबा, आमचं तर चिकटून बसल्याबिगर काम होत नव्हतं... लेकरू हसलं, नवी तार दिली, म्हनलं, "हिला आंघोळ घालू नका."

पुन्हा वेढे मारले, बिनआंघोळीचे. सांजच्याला ओट्यावर बसलो, चाळण हळूहळू फिरवली, जरा हिकडं, जरा तिकडं, आन् हैदराबादकडं कड झाली तशी आली की हो बातम्या सांगनारी बाई! तेलगू! एक अक्षर कळंना, पर डोळ्याला पानी लागलं. पर बाजूला बघतो तर ओटा रिकामा. रेडिओ काय एकट्यानं ऐकायची चीज हाय का?

लावला फोन! "चंद्रभान, तुझं टेशन ऐकायलोय रे! तू लावलास का?"

तिकडं गप. जलमात पहिल्यांदा फोनवर त्यो गप! मीच बोंबललो, "हॅलो! हाईस का गेलास?"

मंग हळूच म्हनला, "लिंबाजी, हितं रेडिओ न्हाई रे. नातवंडांचा अभ्यास होत न्हाई म्हनून सूनबाईनं पहिल्याच महिन्यात माळ्यावर टाकला. तुला वाईट वाटंल म्हनून बोललो न्हाई."

तीन वर्षं, तुमाला सांगतो, तीन वर्षं मी ते खर्रर्र कुनासोबत ऐकायलो होतो?

काय करता! फोन तसाच रेडिओपाशी टेकवून ठिवला. तवापासून रोज सांजच्याला हेच. हैदराबादची बाई हैदराबादहून बोलती, ते हितं राणीसावरगावात माझ्या चाळणीत येतं, चाळणीतून फोनात, फोनातून परत हैदराबादला! मी गप, त्यो गप. तुमाला वाटंल, त्यो मला अर्थ सांगत असंल... कशाचा! तीन वर्षं ऱ्हाऊन त्यालाबी तेलगू कळत न्हाई.