गाडी थांबायला पाहिजे, बास!

...आणि वर तो दुकानदार मलाच विचारतो, "काका, सॉफ्ट दूँ के हार्ड?" अरे, ब्रेकचं लायनिंग आहे की टूथब्रश? तुम्हाला सांगतो, माझी स्कूटर अठ्ठ्याण्णवची, पुढेमागे ड्रम ब्रेक, म्हणजे चाकाच्या पोटात दोन चंद्रकोरी, त्यांच्यावर बसवलेली काळी पट्टी ते लायनिंग, ब्रेक दाबला की तेच चाकाला आतून धरतं, तेवढ्यावर आपला जीव! सॉफ्ट घेतलं तर पटकन धरतं पण लगेच झिजतं, हार्ड घेतलं तर टिकतं पण ड्रमच खातं, आणि किंचाळतं असं की तळमजल्यावरच्या तुळसाकाकू गॅलरीत येऊन बघतात कोण गेलं म्हणून! त्यात रिव्हेटवालं की चिकटवलेलं... अहो, मला काय पाहिजे होतं? गाडी थांबायला पाहिजे होती. बास!

आणि विचारतोय कोणाला? मला! वागळे इस्टेटला एकतीस वर्षं लायनिंगच्याच कंपनीत होतो मी, इन्स्पेक्शनला! नाक शिंकरलं तरी रुमाल काळा व्हायचा! कोणी जेवून आला आणि तसाच लायनिंगला हात लावला, की मी असा ओरडायचो... "ए! तेलकट हात! लायनिंग तेल पितं, मग धरतं काय, कपाळ?" आता तिथे काचेची बिल्डिंग आहे. वॉचमन मला गेटच्या आत सोडत नाही. जाऊ दे.

तर झालेलं काय, फेब्रुवारीत लग्नाला निघालेलो, ही मागे पैठणी नेसून. ही म्हणजे वैशाली, आमचं कुटुंब. माजिवड्याच्या सिग्नलला मी ब्रेक दाबतोय, दाबतोय... आणि गाडी आपली निवांत जाऊन बसच्या ढुंगणाला टेकली! लागलं कोणालाच नाही. पण ही उतरली, पदर सावरला आणि शांतपणे म्हणाली, "ब्रेकच्या कंपनीतल्या माणसाची बायको ब्रेक न लागून गेली, असं पेपरात यायला नको." आणि रिक्षात बसली! तेव्हापासून आठ महिने, आठ महिने हो, माझी मागची सीट रिकामी. बाजारात जायचं तर मी स्कूटरवर, ही रिक्षात, आणि सिग्नलला एकमेकांकडे बघतोय... लोकांना वाटायचं घटस्फोट झालाय! सत्तावीस वर्षं खांद्यावर तो हात असायचा, तुम्हाला सांगतो, खांदा हलका झाला की बरं नाही वाटत.

म्हणून ते लायनिंग. महिनाभर डोंबिवली-कल्याणची दुकानं पालथी घातली. सॉफ्ट, हार्ड, नखाने खरवडून बघ, वास घेऊन बघ... शेवटी मधलं मिळालं. रिव्हेटवालं, नंबर एक माल! खंडेनवमीला पाना-पक्कड पूजेला मांडतात, त्याच्या शेजारी मी लायनिंगचा खोका मांडला. बंद खोका! आणि झेंडू आणायला गेलो. हीपण म्हणाली, "देवापुढे ठेवलंय ना, मग उद्या बसते." मला भरून आलं हो!

दसऱ्याला सकाळी आमच्या मेकॅनिककडे, सिद्धेशकडे गेलो. तो खोका उघडून बघायला लागला तर मी म्हटलं, "एकतीस वर्षं बघतोय मी, तू नको बघूस, चढव!" त्याने चढवलं. मग ही मागे बसली, आपट्याची पानं मांडीवर, लेकीकडे कल्याणला सोनं द्यायला निघालो. ठाकुर्लीच्या पुलाच्या उतारावर ब्रेक दाबला आणि... नाही! गाडी थांबेचना! मी पाय घासतोय, ही किंचाळतेय, आणि आम्ही थेट झेंडूवाल्याच्या ढिगात! सोनं सगळं रस्त्यावर. ही उठली, केसातला झेंडू काढला... आणि रिक्षा!

मी गाडी ढकलत गॅरेजवर. सिद्धेशला चारचौघांत असा झाडला... "तेलकट हाताने चढवलंस! दुकानदार चोर, तू चोर, सगळे चोर! मला काय पाहिजे होतं? गाडी थांबायला पाहिजे होती!" तो बिचारा चाक खोलतो, लायनिंग काढतो, नाकाशी नेतो आणि हळूच म्हणतो, "उत्तमकाका... हे ग्रीस नाहीये. साजूक तूप आहे." मी बघितलं. रिव्हेटच्या भोकात... कुंकू!

लक्षात आलं ना? मी झेंडू आणायला गेलेलो तेव्हा हिने खोका उघडला, हळदकुंकू वाहिलं, तुपाचं बोट लावलं, आणि मी ओरडेन म्हणून पदराने पुसून परत ठेवलं. माझ्यासाठी! आता हिला सांगू की तुझ्या पूजेने आपण मरत होतो? सिद्धेशची माफी मागितली, घरी आलो आणि म्हटलं, "लायनिंग निवडताना माझंच चुकलं."

"एकतीस वर्षं काय केलंत तिथे?" असं म्हणाली. ऐकून घेतलं. मग जरा वेळाने म्हणते कशी, "नाहीतर माझंच चुकलं असेल हो. घाईघाईत एकच बोट लावलं तुपाचं. या खेपेला दोन लावते, मग बसते."

दोन!

मग काय करता? तसल्याच लायनिंगचे दोन जोड आणले. एक हिच्या देव्हाऱ्यापुढे, पाटावर, तुपात. दुसरा गुपचूप सिद्धेशच्या हातून चाकात. तुपातला जोड पेपरात गुंडाळून स्कूटरच्या डिकीत टाकलाय, वास मारतो. परवा त्याच पुलाच्या उतारावर ब्रेक दाबला आणि गाडी जागच्या जागी थांबली! खांद्यावर हात होता. मी मान वळवून बघितलं, म्हटलं आता तरी म्हणेल काहीतरी.

म्हणाली, "बघितलंत? दोन बोटं लावली म्हणून."

एकतीस वर्षं काळे रुमाल धुतले, आणि नाव झालं तुपाचं! पण मी बोलणार काय, आणि बोलून जाणार कुठे? मला काय पाहिजे होतं? गाडी थांबायला पाहिजे होती. थांबली. बास.