कुलूप तोडलं नाही, उघडलं!

आली फर्माईश! पाहुणा दारात चप्पल काढतोय न काढतोय तोच आमच्या म्हातारीची आतून हाळी, "अहो, यांना ती मुकादमाची गोष्ट सांगा ना!"... म्हणजे मी काय रेडिओ आहे? कान पिळला की सुरू? चहा होईस्तोवर पाहुण्याला गुंतवायला काहीतरी हवं, म्हणून माझं तोंड! बरं, बसा आता. त्या खुर्चीवर नको, तिचा पाय हलतो. इकडे बसा. आणि आधी एक ध्यानात घ्या, मला जनावरांचा लळा नाही. कुत्रं नको, मांजर नको, पोपट तर नकोच नको, घरात अखंड बोलणारं एक माणूस आहे तेवढं मला पुष्कळ आहे!

तर आमच्या डोक्यावर, म्हणजे वरच्या मजल्यावर हो, एक विमावाला राहायचा. जिन्यात गाठ पडली की मान वाकडी करून विचारणार, "काय काका, तब्येत काय म्हणते?" आणि विचारताना असा बघणार, असा बघणार, की आपणच घरी जाऊन आरशात जीभ काढून बघावी! तर या गोडबोल्यानं घर बदललं. टेम्पो आला, कपाटं गेली, गाद्या गेल्या, फुटक्या कुंड्यासुद्धा गेल्या, आणि जिन्याखाली विजेच्या मीटरांपाशी एक पोपटाचा पिंजरा राहिला, वर पोतं टाकलेला. मी म्हटलं, विसरला असेल, येईल न्यायला. कोण येतंय! दुसऱ्या दिवशी पिंजरा तिथंच, आणि वास असा की मीटरचा आकडा वाचायला आलेला माणूस नाक धरून अंदाजानंच आकडा टाकून गेला. शेवटी मी पोतं उचललं... आणि आत हे!

हे म्हणजे काय? मला काय ठाऊक! मान नाही, शेपूट नाही, पाय आहेत की नाहीत याचा पत्ता नाही, ओलं पायपुसणं गुंडाळून कोंबावं तसा एक गोळा. रंग पिवळा. जुन्या वर्तमानपत्राचा असतो ना, तसला पिवळा. स्वतःच्याच घाणीत बसलेला, नखं वाढून वाढून वळलेली, त्यातलं एक तारेत अडकलेलं. आणि समोर वाटीत काय, तर पोपटाचे दाणे! का? तर पिंजरा पोपटाचा! पिंजरा बघून जेवण ठरवणारा माणूस हो! उद्या मला तबेल्यात उभा केला तर माझ्यापुढे गवत टाकेल हा!

आणि पिंजऱ्याला कुलूप. कुलूप! ज्याला धड उभं राहता येत नाही ते पळून जाईल म्हणून कुलूप, आणि किल्ली घेऊन हे महाराज पसार! आता तुम्हाला सांगतो, माझा जन्म गेला कुलपांत. कोपऱ्यावर माझी टपरी होती, किल्ल्या करायचो, अडलेली कुलपं सोडवायचो. शाळेनं मला चौथीत सोडलं, कुलपानं कधी सोडलं नाही. तर ते कुलूप बघून मला राग आला. जनावराचा कळवळा वगैरे नाही, हां! कुलपाचा राग! असलं भिकार कुलूप, म्हातारीच्या केसाच्या आकड्यानं उघडलं, दुसऱ्या हातातली भाजीची पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही. बंद कुलूप दिसलं की माझे हात शिवशिवतात, एवढंच. जनावरांचा मला लळा नाही, ते सांगितलंच.

घरी आणला तर म्हातारी कमरेवर हात देऊन उभी. "हा उंदीर घरात आला तर मी भावाकडे निघून जाईन!" मी म्हटलं, "पिशवी भरून देऊ?" ... गेली नाही. माझं नशीब असं आहे!

मग जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. पोरगेलीशी, चष्मेवाली. मला म्हणते, "आजोबा, हा उंदीर नाही, गिनीपिग आहे." मी म्हटलं, "बाई, पिग म्हणजे डुक्कर एवढं मलाही कळतं. हे डुक्कर असेल तर मग चिचुंद्रीला तुम्ही गाय म्हणत असाल!" हसली बिचारी. मग त्याला उलटा केला, सुलटा केला, तोंड उघडून बघितलं, आणि हसू गेलं तिचं. म्हणाली, "याला कित्येक दिवसांत हिरवं काही मिळालेलं नाही. त्यानं हिरड्या सुजतात, सांधे धरतात, अंगात ताकद राहत नाही, कुणी हात लावला तरी दुखतं." मी म्हटलं, "बाई, हे तुम्ही त्याचं सांगताय की माझं?" पण ती हसेना. "आजोबा, याचं पोट रिकामं राहिलं तर आतडं थांबतं, आणि आतडं थांबलं की हे जातं. औषध देते, पण खायला तुम्हीच लावायचं. खाल्लं तर आहे, नाही तर नाही."

आता आली का पंचाईत! घरी आणून खोक्यात फडकी घातली, बारीक पक्कड होतीच, नखं कापली, कोमट पाण्यात फडकं भिजवून अंग पुसलं. फडकं पिवळं झालं, पाणी पिवळं झालं, पुन्हा पाणी घेतलं, तेही पिवळं! हा काय प्राणी आहे की पुडीतला रंग? पिचकारीनं पातळ खिमट तोंडात सोडलं तर अर्धं माझ्या सदऱ्यावर. कोथिंबीर ठेवली, बघेना. काकडी ठेवली, बघेना. ढोबळी मिरची ठेवली, पाठ फिरवली! मी म्हटलं, अरे, मला या घरात या वयात न मागता पाणी मिळत नाही, आणि तुझ्यापुढे पंगत मांडलीय, तर तू पाठ फिरवतोस? नुसता बसून राहिला. डोळे उघडे, पण बघत कुठंच नव्हता... तसलं बसणं मला बघवत नाही. म्हणजे लळा वगैरे नाही. डोळ्यांना त्रास होतो, बाकी काही नाही.

डॉक्टरीणबाईंना फोन लावला, तर म्हणतात, "आजोबा, ही कळपानं राहणारी जात. एकटं पडलं की खात नाहीत. शेजारी कुणी खातंय असं ऐकू आलं पाहिजे. तुम्ही कुणीतरी त्याच्याजवळ बसून कुरकुरीत काहीतरी चावून खा." मी म्हातारीला म्हटलं, "बस." बसली. पण ही बाई जेवते अशी की मांजरालासुद्धा चाहूल लागू नये. एरवी तोंडाचा आवाज गल्लीपर्यंत, आणि काकडी चावताना मुकी! म्हणजे राहिलो कोण? मी. आणि माझ्या तोंडात तर दात नाहीत!

नाहीत म्हणजे आहेत. कपाटावर. पेल्यात. कवळी करून घेतलेली आहे, पण मी ती घालत नाही, कारण टोचते. दातांचा डॉक्टर म्हणायचा, "घाला, सवय होईल." म्हातारी म्हणायची, "घाला, माणसात दिसाल." मुलगा फोनवरून म्हणायचा, "बाबा, घाला." मी म्हणायचो, माझं तोंड आहे, तुमचं काय जातंय? असा माझा बाणा... आणि तो बाणा या बिनशेपटीच्या गोळ्यापायी धुळीला मिळाला! उठलो, कवळी चढवली, गुडघे कुरकुरत जमिनीवर बसलो, खोक्यात तोंड घातलं आणि काकडी चावली. कर्रम्! हिरडीतून कळ गेली ती थेट टाळूत. पुन्हा कर्रम्! म्हातारी दारात तोंडाला पदर लावून हसतेय. मी चावतोय, डोळ्यांतून पाणी येतंय, कवळीमुळे हो! आणि तेवढ्यात गोळ्याचा कान हलला. मग नाक हललं. मग मिरचीच्या फोडीकडे सरकला, थांबला, माझ्याकडे बघितलं... मी पुन्हा कर्रम्! आणि त्यानं दात लावला की हो! कुरूकुरू, कुरूकुरू, शिवणयंत्र चालावं तसं! मी थांबलो की तो थांबायचा. मी चावलं की तो चावायचा. अख्खी मिरची संपवली आम्ही दोघांनी. मला ढोबळी मिरची मुळीच आवडत नाही, हेही ध्यानात घ्या.

पुढं काय, अंगात जोर आला आणि साहेबांना कंठ फुटला. पहाट झाली की शिट्टी! व्हीक, व्हीक, व्हीक! कवळी पेल्यातून काढताना किण् वाजलं की शिट्टी! मला शिट्टी मारून कामाला लावतो, म्हणून नाव मुकादम. आणि पुसून पुसून, नवे केस येऊन येऊन, रंग असा निघाला... पांढराशुभ्र! पिंजलेला कापूस बघा! पिवळा हा त्याचा रंगच नव्हता मुळी. तो विमावाल्याच्या घरचा रंग होता!

आणि मग एके दिवशी दारात कोण? विमावालाच! बरोबर आमच्या इमारतीचा सेक्रेटरी, म्हणजे नियमाशिवाय शिंकसुद्धा न देणारा माणूस, आणि मागं जिनाभर बघे. "काका, तब्येत काय म्हणते? ते आमचं पिल्लू तुमच्याकडे आहे म्हणे. द्या बघू. माझ्या एका मोठ्या गिऱ्हाइकाच्या नातीचा वाढदिवस आहे, तिला भेट द्यायचंय." भेट! अहो, भेट! रिबीन बांधून पुन्हा कुठल्या पिंजऱ्यात? मुकादम आत खोक्यात झोपलेला. मी म्हटलं, "कसलं पिल्लू? मला जनावरांचा लळा नाही, कुणालाही विचारा!" झालं, तर गोडबोल्याचा गोडवा उतरला. जिन्यात घुमेल अशा आवाजात म्हणतो, "चोर आहात तुम्ही! चोरलंत माझं जनावर!" मी वळून म्हातारीकडे बघितलं. म्हटलं, आता ही कडाडेल. इतक्या वर्षांचा संसार, आज तरी नवऱ्याची बाजू घेईल! आणि ही काय म्हणाली? सगळ्यांसमोर! "चोरलंही असेल बाई, यांचा काही नेम नाही!"

मी गिळलं. तेही गिळलं हो! पण तो पुढं बोलला, "पिंजऱ्याचं कुलूप तोडून नेलं यांनी!" आणि माझं डोकं फिरलं. तोडून? मी? "ए, तोंड सांभाळ! आयुष्यात एक कुलूप तोडलं नाही मी! तोडलं नाही, उघडलं! केसाच्या आकड्यानं उघडलं, आणि पुन्हा लावूनसुद्धा ठेवलं!"

... माझ्याच तोंडानं मी माझा खड्डा खणला. तेवढ्यावर भागलं का? ओरडताना कवळी सुटून दारातल्या फरशीवर पडली, खण्ण! आणि आतून उत्तर आलं, "व्हीक! व्हीक! व्हीक!"

"ऐका!" विमावाला नाचायला लागला. "ऐका, आतच आहे!" मी दारात आडवा. कवळी फरशीवर, तोंडात नुसता वारा, काय बोलणार? तर सेक्रेटरीनं हात वर केला. "थांबा. हरवलेली वस्तू नियमानं ताब्यात द्यायची. आधी वर्णन सांगा. रंग?" विमावाला म्हणाला, "पिवळा." "सगळा?" "सगळा पिवळा! पोटाकडे जरा तपकिरी. माझ्या डोळ्यांदेखत वाढलाय, मला नाही माहीत?" सेक्रेटरी आत गेला, खोक्यात वाकला, बराच वेळ वाकलेलाच राहिला. मुकादम ओरडायचा थांबला. मग बाहेर येऊन रुमालानं बोटं पुसली आणि म्हणाला, "आतला पांढरा आहे. पूर्ण पांढरा. तुमचा पिवळा सापडला तर कळवू."

हसायला कुणी सुरुवात केली ठाऊक नाही, पण वरच्या मजल्यापर्यंत गेलं ते. विमावाला "अहो पण, अहो पण" करत राहिला. आता काय म्हणणार? हा पांढरा म्हणजेच माझा पिवळा, म्हणणार? म्हणजे घाण कुणाची, हेही सांगावं लागेल की! गेला पाय आपटत, मला चोर म्हणत म्हणत. त्याची माफी मला नकोच. असल्यांची माफी घेऊन ठेवायची कुठं?

सेक्रेटरीला सगळं कळलं होतं की नाही, देव जाणे. जाताना माझी कवळी उचलून हातात दिली आणि म्हणाला, "नियमानं घालत जा."

तेव्हापासून रोज सकाळी मी जमिनीवर, कवळी तोंडात, समोर हा, मध्ये ढोबळी मिरची. कवळी आता टोचत नाही, हे बाहेर कुणाला बोलू नका. लळा नाही मला, पण सुटका तरी कुठं आहे? चहाला वेळ लागतोय ना? लागणारच. आधी काकडी चिरली जातेय, पातळ पातळ काप त्या मुकादमासाठी, आणि टोकं माझ्यासाठी. माफी मला एकाच माणसाकडून यायची आहे, मरायच्या आत आली तर बरं, आणि ते माणूस आत विळीवर बसून कान देऊन ऐकतंय... आमची म्हातारी!